उमराणी वाचा, मग नेसरीवर बोला

वह्या मिटा, पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. आज नवा धडा नाही. आज बोलायचं आहे, आणि ते तुम्हाला गोड लागणार नाही.

इतिहासाच्या चाचणीत मी दहा गुणांचा एक प्रश्न ठेवला होता. उमराणीच्या लढाईत प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कसं हरवलं? ‘कसं’खाली मी मुद्दाम रेघ मारली होती. तुमची उत्तरं वाचली. मराठे वाघासारखे तुटून पडले, तलवारी विजेसारख्या तळपल्या, रक्ताचे पाट वाहिले, खानाची दाणादाण उडाली. पान भरून वाघ आणि वीज. खानाचा तळ कुठे होता, पाणी कुठे होतं, आपली फौज कुठे उभी राहिली, याबद्दल एक ओळ नाही. अख्ख्या वर्गात एकाच्याही पेपरात पाण्याचा उल्लेख नाही. म्हणून त्या प्रश्नाला मी कुणालाच गुण दिलेले नाहीत. ज्याला तक्रार करायची आहे, त्यानं आधी माझं पुरतं ऐकून घ्यावं.

तुम्हाला हे कुणी शिकवलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण पुस्तकात आहे, मी सांगितलंही आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्हाला आवडतो तो लढाईचा आवाज. लढाईचं डोकं तुम्हाला कंटाळवाणं वाटतं. आणि तुमच्यातले निम्मे जण पहाटे महामार्गाच्या कडेनं भरतीसाठी पळतात! सोळाशे मीटर किती मिनिटांत झाले हे सेकंदासकट सांगतात. उद्या अंगावर वर्दी येणार आहे. पाय तयार करताय, ते उत्तम. पण त्या पायांनी कुठे जायचं, कोणत्या वाटेनं जायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवणारा अवयव वेगळा आहे. त्याच्या तयारीचं काय? मुलींनो, तुम्ही माना खाली घालू नका. २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत मुली शिकतात. हा मुलांचा विषय आहे, ही सबब आता तुम्हाला चालणार नाही.

आता उमराणी ऐका. यावेळी नीट.

मार्च १६७३. कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी रात्रीत पन्हाळा घेतला. विजापूरकरांना हे सहन होणं शक्य नव्हतं. त्यांनी बहलोलखानाला मोठी फौज देऊन पन्हाळ्याकडे धाडलं. शिवाजी महाराजांनी प्रतापरावांना त्याच्यावर पाठवलं. प्रतापराव आपल्याच सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे. खानाची आणि त्यांची गाठ पडली ती उमराणीला, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात. महिना एप्रिलचा. जत तालुका तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिलात तिथे आजही माणसं टँकरची वाट बघतात.

अशा जागी, अशा महिन्यात, हजारो घोडी आणि हत्ती घेऊन आलेल्या सेनापतीला सगळ्यात आधी काय लागतं? घोडं दिवसाला किती पाणी पितं, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यात पठाणी स्वार, चिलखतं, तोफांचे बैल, बाजारबुणगे. प्रतापरावांनी खानाच्या फौजेला हात घालण्याआधी तिच्या पाण्याला हात घातला. पाण्याची जागा आपल्या ताब्यात घेतली आणि खानाला तिच्यापासून तोडलं. आता लढाईचा सगळा हिशोब उलटला. एरवी हल्ला करणाऱ्याला पुढे जावं लागतं आणि बचाव करणारा जागेवर उभा राहू शकतो. इथे खानाला बसून राहणं परवडेना. त्याला पाण्यासाठी पुढे यावंच लागणार होतं, आणि तेही मराठ्यांनी निवडलेल्या जागी, तहानलेल्या जनावरांनिशी. दिवसभर झुंज झाली. ती सोपी नव्हती, पठाण शूर होते. पण संध्याकाळपर्यंत खान जेरीला आला आणि त्यानं वाट मागितली.

बघा, या गोष्टीत शौर्य आहेच. पाण्याची जागा दिवसभर धरून ठेवणं म्हणजे तहानेनं वेडी झालेली फौज पुन्हा पुन्हा अंगावर घेणं. पण ते शौर्य योग्य जागी उभं केलेलं होतं. जागा चुकली असती, तर तेच शूर स्वार मोकळ्या माळावर पठाणांच्या जड घोडदळाखाली तुडवले गेले असते. माझ्या प्रश्नातल्या त्या ‘कसं’चं हे उत्तर होतं.

हे शहाणपण फक्त आपलंच होतं असंही समजू नका. ११८७ साली सलाउद्दीननं हत्तीनला ख्रिस्ती फौजेला असंच मारलं. ती फौज चांगल्या झऱ्यांजवळ तळ देऊन होती. सलाउद्दीननं सरोवराकाठच्या तिबेरियस शहराला वेढा घातला, आणि त्या शहराच्या सुटकेसाठी ती फौज जुलैच्या उन्हात कोरड्या पठारावरून निघाली. वाटेत तिला पाण्यापासून तोडलं, रात्रभर तहानेनं तळमळू दिलं आणि दुसऱ्या दिवशी घेरून संपवलं. देश वेगळा, धर्म वेगळा, शतक वेगळं. माणसाची तहान तीच. जो सेनापती हे ओळखतो तो जिंकतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

आता तुमच्या लाडक्या नेसरीकडे येतो. शिवजयंतीला तुम्ही नेसरीचं नाटक बसवता, नेसरीवर भाषणं करता, मोबाइलच्या स्टेटसला नेसरी ठेवता. मला त्या सात जणांबद्दल तुमच्याइतकाच, कदाचित तुमच्याहून जास्त आदर आहे. म्हणूनच तुम्ही त्यांचं जे करता त्याचा मला राग येतो.

काय घडलं होतं? उमराणीला प्रतापरावांनी खानाला सोडून दिलं. पाण्यावाचून हातात आलेला शत्रू अभय देऊन जाऊ दिला. महाराज संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. लढाईचा हेतू शत्रूला दमवणं एवढाच नसतो. तो पुन्हा उभा राहू नये, हा असतो. खान पुन्हा उभा राहिला, पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांचा बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ ला गडहिंग्लजजवळ नेसरीच्या खिंडीत खान आल्याचं कळलं आणि ते फौजेची वाट न बघता सहा स्वारांनिशी त्याच्यावर गेले. सातही जण पडले.

आता मला सांगा, त्या सायंकाळी खानाच्या फौजेचं काय बिघडलं होतं? काहीही नाही. स्वराज्याचं काय गेलं? सरसेनापती गेले, आणि राज्याभिषेकाला साडेतीन महिनेही उरलेले नव्हते. अनुभवी, शत्रूला ओळखणारा, उमराणी जिंकणारा माणूस गेला. महाराजांना त्याचं किती दुःख झालं असेल, याचा विचार तुमच्या भाषणात कधी येतो का? त्यांना मेलेला प्रतापराव नको होता. त्यांना खान बुडवणारा प्रतापराव हवा होता.

आणि त्यानंतर काय झालं, हे तुमच्या नाटकात कधीच येत नाही. प्रतापरावांचे सरदार आनंदराव यांनी फौज सावरली. ते रागाच्या भरात खानावर कोसळले नाहीत. ते थेट त्याच्या कर्नाटकातल्या जहागिरीत शिरले आणि तिथली पेठ लुटली. खान मागे धावला, पण ते त्याच्या हाती लागले नाहीत. सेनापती पडल्यावर काही आठवड्यांच्या आत शत्रूच्या घरात शिरून त्याचा पैसा काढून आणणं, याला फौज म्हणतात. मग सेनापती झाले हंसाजी मोहिते, म्हणजे हंबीरराव. ते कुठले? तळबीडचे. इथून, म्हणजे उंब्रजहून, कराडच्या रस्त्याला लागलात की थोड्याच अंतरावर, वसंतगडाच्या पायथ्याशी. तुमच्यातले किती जण तळबीडला गेलेत? आणि गेलात ते फोटो काढायला, की गड कुठून चढता येतो आणि कुठून येत नाही हे बघायला?

मी नेसरीला नावं ठेवत नाही. रागाच्या आणि लाजेच्या त्या क्षणी त्या माणसानं स्वतःला काय किंमत लावली, हे मी मापू शकत नाही. पण सेनापती म्हणून प्रतापरावांचा मान उमराणीला आहे. तुम्ही त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा दिवस उचललात, त्याचं गाणं केलंत आणि त्यांची अक्कल जिथे दिसते तो दिवस विसरलात. हा त्यांचा अपमान आहे. मराठे नुसते शूर होते म्हणून जिंकले, असं जो म्हणतो, तो त्यांच्या डोक्याचं श्रेय काढून घेतो. शूर तर त्यांचे शत्रूही होते.

आता युद्धातल्या चार गोष्टी सांगतो. त्या पाठ करू नका, समजून घ्या.

पहिली. शत्रू जिथे बलवान आहे तिथे त्याला गाठायचं नाही. त्याचं बळ जिथे निरुपयोगी होतं तिथे त्याला आणायचं. २ फेब्रुवारी १६६१, उंबरखिंड. शाहिस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. हजारोंची फौज, सामान, जनावरं. महाराजांनी त्याला घाटमाथ्यावर अडवलं नाही. उतरू दिलं. दाट झाडीच्या, अरुंद खिंडीत शिरू दिलं. शिरल्यावर पुढची वाट बंद केली, मागची बंद केली आणि दोन्ही उतारांवरून मारा सुरू केला. खिंडीत हजारो माणसं असून लढता येत होतं पुढच्या मूठभरांना. बाकीची फौज म्हणजे गर्दी. खानानं सामान टाकून शरणागती पत्करली.

हे तुम्हाला खरं तर माझ्याआधी कळायला हवं होतं, कारण तुम्ही कबड्डी खेळता. चढाई करणारा गडी रेषेजवळ असताना कोपरारक्षक झेप घेतो का? घेत नाही. तो मागे सरतो, त्याला आत येऊ देतो, बोनसचा मोह दाखवतो. गडी खोल आला की मधली रेषा आणि तो यांच्यामध्ये साखळी येते, आणि मग पकड. मैदानावर जे तुमचं अंग आपोआप करतं, ते पेपर लिहिताना डोकं का करत नाही? कारण इतिहास म्हटला की तुम्ही विचार बंद करता आणि घोषणा सुरू करता.

दुसरी. समोरून गुंतवायचं आणि घाव भलतीकडून घालायचा. यात संताजी घोरपड्यांचा हात धरणारा माणूस मिळणं अवघड. नोव्हेंबर १६९५. औरंगजेबाचे सरदार कासिमखान आणि खानाजादखान आजच्या चित्रदुर्ग भागात संताजींच्या वाटेवर आले. थाटामाटाचे सरदार. त्यांचे तंबू आणि सामान मुक्कामाच्या पुढच्या जागी आधीच रवाना झालं होतं. संताजींना बातमी लागली. त्यांनी फौजेचे तीन भाग केले. पहिल्यानं पुढे गेलेल्या सामानावर घाला घातला. ते वाचवायला मोगल फौज धावेल हे उघड होतं, म्हणून दुसरा भाग तिला वाटेत अडवायला उभा होता. तिसरा भाग शांत बसून होता. मोगल आपल्या मूळ तळावरून निघून लढाईत गुंतले, तेव्हा तो तिसरा भाग त्या मागे राहिलेल्या तळावर पडला. समोर लढाई चालू आणि पाठीमागे छावणी जळते आहे, हे कळल्यावर कोणत्या फौजेचा धीर टिकेल? ते सगळे दोड्डेरीच्या लहानशा गढीत शिरले. संताजींनी गढीवर माणसं फुकट घालवली नाहीत. वेढा घालून बसले. आत उपासमार झाली, कासिमखान तिथेच मेला, बाकीच्यांनी मोठी खंडणी कबूल करून जीव वाचवला.

यात सगळ्यात अवघड काम कोणत्या तुकडीचं होतं? विचारलं तर तुम्ही म्हणाल, पहिल्या किंवा दुसऱ्या. चूक. तिसऱ्या तुकडीचं. सोबती लढताहेत, आवाज येतो आहे, हात शिवशिवताहेत आणि हुकूम येईपर्यंत हलायचं नाही. तुमच्यासारखी पोरं त्या तुकडीत असती तर पहिल्या आरोळीलाच उधळली असती आणि दोड्डेरीला मराठे हरले असते. या संताजींना १६९७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिखर शिंगणापूरच्या बाजूच्या डोंगरांत घात करून मारलं. शिंगणापूरला तुम्ही दर चैत्रात यात्रेला जाता. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांचं नाव घ्या, आणि त्यांच्या तिसऱ्या तुकडीची आठवण ठेवा.

तिसरी. शत्रूच्या मागे धावायचं नाही, त्याला आपल्या मागे धावायला लावायचं. १७२७–२८ मध्ये निजाम पुण्यापर्यंत आला. बाजीराव पुण्याच्या बचावाला परतले नाहीत. ते निजामाच्या मुलखात फिरत राहिले, बऱ्हाणपुराला धोका निर्माण केला. निजामाला पुणं सोडून त्यांच्या मागे निघावं लागलं. वेग साधायचा तर जड तोफखाना मागे ठेवावा लागला, म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं बळ त्यानं स्वतःच सोडलं. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला तो मराठी घोडदळाच्या कोंडीत सापडला, दाणा नाही, पाणी नाही. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी घमासान लढाई न होताच निकाल लागला. तुमच्या उत्तरांच्या हिशोबानं यात वाघही नाही आणि वीजही नाही. मग काय, ही लढाई लहान ठरते?

चौथी गोष्ट पराभवाची आहे, आणि ती ऐकताना कुणी चुळबुळ करायची नाही. १४ जानेवारी १७६१. पानिपत. त्या सकाळी मराठे आधीच महिनोन्‌महिने अडकलेले होते. रसदेची वाट तुटली होती, ती आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले होते. उमराणीला जे आपण शत्रूचं केलं, तेच इथे शत्रूनं आपलं केलं. उपाशी फौज, सोबत बायकामुलं आणि यात्रेकरू, आणि त्या सगळ्यांना मध्ये घेऊन गोल बांधून बाहेर पडायचं. गोलाच्या लढाईत शिस्त सुटली की सगळं सुटतं. इब्राहिमखान गारद्यांच्या पलटणींनी आणि तोफांनी सकाळी रोहिल्यांना भाजून काढलं. भाऊसाहेबांनी मधल्या फळीवर अफगाण वजिराला मागे रेटलं. दुपारपर्यंत पारडं आपल्या बाजूला झुकलेलं होतं. पण अब्दालीनं ताजी माणसं हातची राखून ठेवली होती. पळून आलेल्यांनाही त्यानं हाकून परत पाठवलं, आणि आपली फौज पार थकल्यावर ती राखीव माणसं लढाईत घातली. भाऊसाहेबांच्या हाती त्यावेळी घालायला काहीच उरलं नव्हतं.

पानिपतावर कुणी शौर्यात कमी पडलं का? नाही. मग तिथे शौर्यानं काम का भागलं नाही? याचं उत्तर ज्याला देता येतं त्याला मी इतिहास येतो असं म्हणेन. रसद, शिस्त आणि राखीव फौज, या तीन गोष्टींची जागा छाती भरू शकत नाही. पानिपतावर रडून मोकळं होणं सोपं आहे. त्याचा हिशोब मांडणं अवघड आहे, आणि ते काम तुमचं आहे.

आता कुणी मागच्या बाकावरून म्हणेल, सर, हे घोड्यांच्या काळातलं. आता ड्रोन आहेत, क्षेपणास्त्रं आहेत. मग ज्या रेजिमेंटची तुम्ही स्वप्नं बघता, तिचंच ऐका. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. समोर जमालपूर, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावरचं शहर, आत पाकिस्तानची बलुच पलटण भक्कम मोर्चे बांधून बसलेली. आपली फौज उत्तरेकडून येत होती. सरळ नदी ओलांडून मोर्चांवर चढणं म्हणजे पाण्यात माणसं मारून घेणं. त्यांनी तसं केलं नाही. उत्तरेकडून दबाव चालू ठेवला, आणि जंगी पलटण बाजूला लांब जाऊन, गावकऱ्यांच्या होड्या आणि बैलगाड्या हाताशी घेऊन नदीपार झाली. शहराला वळसा घालून तिनं ढाक्याच्या बाजूची, म्हणजे शत्रूच्या माघारीची वाट धरली. खंदक खणले आणि वाट बघितली. पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर त्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्याची फौज त्याच वाटेनं बाहेर पडायला निघाली आणि मराठ्यांच्या मशीनगनसमोर आली. सकाळपर्यंत तिची दोनशेहून अधिक माणसं पडली होती. ११ तारखेला जमालपूर पडलं.

हत्यारं बदलली, पण खिंडीची मागची बाजू बंद करणं बदललं का? १६६१ ची उंबरखिंड आणि १९७१ चं जमालपूर यांत तीनशे दहा वर्षं आहेत. समोरून गुंतवा, बाजूनं जा, मागची वाट धरा आणि शत्रूला आपल्या जागी येऊ द्या. त्या रात्री खंदकात बसलेल्या जवानांमध्ये तुमच्यासारख्याच शेतकऱ्यांची पोरं होती. ती शांत बसली म्हणून जिंकली.

आता तुमचं काम.

तुम्ही ज्या उंब्रजमध्ये जन्मलात त्याची जमीन तुम्हाला येत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. पूर्वेला कृष्णा. पश्चिमेकडून तारळी येऊन तिला मिळते. उत्तर-दक्षिण महामार्ग, साताऱ्याहून कराडला जाणारा. एक रस्ता पश्चिमेला चाफळकडे, एक मल्हारपेठ-पाटणकडे आणि एक कृष्णा ओलांडून मसूरकडे. म्हणजे दोन नद्या आणि चार दिशांचे रस्ते एका ठिकाणी येतात. सेनापतीच्या नजरेत अशी जागा किती मोलाची असते, याची तुम्हाला कल्पना आहे का? १६९९ मध्ये औरंगजेब याच मुलखातून साताऱ्याच्या वेढ्याला गेला. जाताना त्यानं नोव्हेंबरात आधी वसंतगड ताब्यात घेतला. का घेतला? साताऱ्यावर बसायचं तर वाटेवरचा गड शत्रूच्या हाती ठेवून चालणार नाही, रसद मागून तुटेल. दिल्लीच्या बादशहाला आपल्या मुलखाची जमीन कळली, आणि तुम्हाला कळत नाही. याची लाज वाटली पाहिजे.

सोमवारी प्रत्येकानं आपल्या हातानं काढलेला नकाशा आणायचा. गुगलवरून छापून आणलेला फाडून टाकीन. सायकल घ्या, पायी जा, पण जाऊन बघा. समजा, कराडकडून एक फौज साताऱ्याला निघाली आहे, आणि ती अडवायची जबाबदारी तुमची आहे. माणसं तिच्या निम्मी. मला पुढच्या प्रश्नांची उत्तरं हवीत. तारळीच्या पुलावर तिला समोरून अडवाल, की पूल ओलांडू देऊन मग कोंडाल? पूल हातचा गेला तर नदीला उतार कुठे आहे, आणि तो मार्चमध्ये असतो तसा ऑगस्टमध्ये असतो का? शत्रूनं महामार्ग सोडून मसूरच्या बाजूनं तुम्हाला वळसा घातला, तर ते तुम्हाला कोण आणि किती वेळात सांगणार? पाटणच्या रस्त्यावर नजर कुणाची? नदीकाठचा ऊस दिवाळीत डोक्यावर उंच उभा असतो तेव्हा तो कुणाच्या कामाचा, आणि तोडणी झाल्यावर कुणाच्या? तुमच्या माणसांना पाणी आणि भाकरी कुठून येणार? राखीव तुकडी कुठे लपवाल, आणि तिला हलण्याचा हुकूम कोणती खूण बघून द्याल? डाव फसला तर माघारीची वाट कोणती?

शेवटचा प्रश्न ऐकून कुणी नाक मुरडू नका. माघारीची वाट ज्यानं आधी बघितली नाही, त्याची माघार पळापळ होते. महाराजांनी आयुष्यभर योग्य वेळी माघार घेतली आणि पुन्हा येऊन घेतलं. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले आणि पाच वर्षांत परत घ्यायला सुरुवात केली. त्यांना कुणी भित्रं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

मी एवढा चिडतो याचं कारण तुम्हाला कळायला हवं. तुमच्यातला कुणीतरी उद्या नायक होईल, हवालदार होईल, एखादी मुलगी लेफ्टनंट होईल. तुमच्या हाताखाली दहा माणसं असतील. समोर टेकडी असेल, वर शत्रू असेल आणि तुम्हाला काही मिनिटांत ठरवावं लागेल. त्या वेळी तुम्ही छाती पुढे काढून सरळ चढाल की डावीकडचा ओढा बघाल, यावर त्या दहा जणांचं घरी परतणं ठरेल. त्यांच्यापैकी एखादा चाफळचा असेल, एखादा चारेगावचा. त्याच्या आईला तुम्ही काय सांगणार? आम्ही वाघासारखे तुटून पडलो, एवढंच? ती विचारेल, बाजूनं वाट नव्हती का रे? त्या प्रश्नाला ‘मी बघितलीच नाही’ हे उत्तर द्यायची वेळ माझ्या कोणत्याही विद्यार्थ्यावर येता कामा नये.

मरायला तयार असणं ही सैनिकाची पहिली पायरी आहे. ती तुमच्यात आहे, मला शंका नाही. पण सेनापती तिथे थांबत नाही. आपली माणसं जिवंत ठेवून शत्रूला हरवायची वाट शोधणं हे त्याचं काम असतं, आणि ती वाट अभ्यासानं सापडते, आरोळीनं नाही. उमराणीचं उत्तर प्रत्येकानं पुन्हा लिहायचं. त्यात तळ, पाणी, ऋतू आणि फौजेची जागा आली पाहिजे. हे उत्तर आणि नकाशा दोन्ही सोमवारी पहिल्या तासाला माझ्या टेबलावर हवेत. ज्याचं काम अपुरं असेल, त्याला या वर्षी शिवजयंतीच्या व्यासपीठावर बोलायची परवानगी मी देणार नाही.